जिजीच्या बागेचं पाणी

फाट्यावरच्या जिजीकडून गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत जायचं आणि जिजीला त्याचं काही वाटायचं नाही. गाडी थांबायची, काच खाली व्हायची, आतून कोणीतरी पेरूच्या ढिगाकडे बोट दाखवायचं. जिजी एक पेरू कापायची, फोड स्वतःच्या तोंडात टाकायची आणि मान हलवून म्हणायची, "आज नका घेऊ. परवाच्या पावसानं गोडी धुतली. चार दिसांनी या." नाशिकहून वणीच्या गडावर निघालेली माणसं चार दिवसांनी कशाला परत येतात? ती हसून पुढं जायची आणि पुढच्या वळणावर, त्याच पावसात भिजलेले पेरू पिशवी भरून घ्यायची. प्रत्येक वेळी माझा जीव तुटायचा, कारण पेरूसाठी थांबलेली गाडी निघून गेली की शेजारी मांडलेल्या माझ्या काकड्याही तिथंच राहायच्या.

दिंडोरी मागं टाकून वणीकडे निघालं की आमच्या गावाचा फाटा लागतो. तिथं चार बांबू, वर शेडनेटचा जुना तुकडा आणि खाली एक बाज, एवढंच जिजीचं दुकान. त्या बाजेवर पाच घरांचा माल असायचा. जिजीचे पेरू, यमुनाची मेथी-कोथिंबीर, दगूअण्णाचे कांदे, निवृत्ती मास्तरांची लिंबं आणि माझं जे काही त्या वर्षी जगलं असेल ते. आमच्या पाचही जणांच्या जमिनी वीस-तीस गुंठ्यांच्या, एकमेकींना लागून. मार्केटला टेम्पो भरून न्यावा एवढा माल कोणाचाच निघत नाही आणि घरी खाऊन संपेल एवढा थोडाही नसतो. असल्या मधल्या मालाला रस्त्याचीच वाट असते. सकाळी आम्ही आपापल्या पाट्या बाजेवर ठेवून शेतात जायचो आणि जिजी दिवस मावळेपर्यंत तिथं बसायची.

मी या मंडळींत उशिरा आलो. सिन्नरच्या वसाहतीत एका कारखान्यात बावीस वर्षं काढली, तो बंद पडला आणि अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी वडिलांच्या तीस गुंठ्यांत परत येऊन उभा राहिलो. शेतीतलं मला काही म्हणजे काही येत नव्हतं. वाफ्यात पाणी सोडलं की दुसरीकडून फुटायचं, खत टाकलं की तण वाढायचं. जिजीनं पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं. "काय कंपनी, आज सुट्टी का?" तेव्हापासून मी कंपनी. माझं खरं नाव गावात आता बायकोला आणि तलाठ्यालाच ठाऊक असेल.

विकण्याचा तिचा एक क्रम होता आणि तो काही केल्या बदलत नसे. आधी दुसऱ्याचं, मग आपलं. यमुनाची मेथी सगळ्यांत पुढं, कारण दुपारपर्यंत ती मान टाकते. मग माझ्या काकड्या, मग लिंबं, कांदे, आणि गिऱ्हाईक पाठ फिरवायला लागलं की, "पेरू पण हायेत, बघा." अर्ध्या वेळा ते बघायचंच नाही. मी एकदा वैतागून म्हणालो, "जिजी, तुझे पेरू मऊ पडायला लागले. लोक पेरूसाठीच थांबतात आणि तू मेथी काय दाखवतेस?" ती पदरानं माश्या वारत म्हणाली, "पेरूला उद्याचा दिस हाय. मेथीला नाय." मऊ पडलेले पेरू ती संध्याकाळी शेळ्यांना घालायची आणि एखादा बरा निघाला तर तिखट-मीठ लावून मला द्यायची. मी रागातच खायचो.

एकदा एक बाई गाडीतून उतरल्या. गॉगल, हातात पाण्याची महागडी बाटली. त्यांनी विचारलं, "मावशी, औषध मारलेलं नाही ना? ऑरगॅनिक आहे ना सगळं?" मी शेजारीच उभा होतो. हो म्हणायला काय जातं, सगळा रस्ता हो म्हणतो. जिजी म्हणाली, "मेथीला मारलेलं नाय. काकडीला मारलं हाय, लय दिस झाले. धुऊन खा." बाईंनी मेथी घेतली. काकडी माझी होती. रात्री बायकोला सांगितलं तर ती हसत सुटली आणि मला आणखीच राग आला. दुसऱ्या दिवशी जिजीशी मी बोललो नाही. तिनं ते ओळखलं आणि संध्याकाळी माझी पाटी रिकामी करून दिली. कशी केली, कोणाला दिली, ते सांगितलं नाही.

हे न सांगणं म्हणजे जिजीचा खरा कायदा. माझ्या पहिल्याच साली टोमॅटोचा फड वादळी वाऱ्यानं आडवा केला. सकाळी हातपाय गाळून शेतावर गेलो तर अर्ध्या ओळी तारेला पुन्हा बांधून उभ्या. फाट्यावर येऊन विचारलं, "कोणी केलं?" दगूअण्णा कांदे निवडत होता, त्यानं मान वर केली नाही. जिजी म्हणाली, "वाऱ्यानं पाडले, वाऱ्यानंच उभे केले असतील." पण झाडं जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी बांधली होती आणि असल्या चिंध्या एकाच घरात निघतात. चार दिवसांनी मी पुन्हा विषय काढला तेव्हा ती जरा चिडली. "केलेलं बोलून दाखवलं का समोरच्याच्या डोक्यावर वझं बसतं, कंपनी. त्याला आधीच काय कमी वझं हाय?"

तिचं पाहून आम्हा सगळ्यांनाच ते वळण पडलं. कोणाच्या बांधावरचं गवत कापलेलं असायचं, कोणाच्या म्हशीपुढं वैरण पडलेली असायची. कोणी केलं हे विचारायचं नाही, केलेल्यानं सांगायचं नाही. मला ते फार आवडायचं. कारखान्यात बावीस वर्षं मी एकेका नटबोल्टापुढं सही केली होती आणि इथं कोणालाच सही लागत नव्हती. शेतीनं मला दुसरं काही दिलं नाही, पण या एका गोष्टीसाठी मी टिकून होतो, हे आज सांगायला हरकत नाही.

जिजीचा मुलगा प्रकाश नाशकात एका औषधाच्या दुकानात कामाला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळे जिजी घरात एकटी. प्रकाश दर रविवारी मोटरसायकलवर यायचा, आईच्या गोळ्या आणायचा आणि बाजेच्या कडेला बसून एकच विषय काढायचा. "आई, तिकडं चल. एकटीला काही झालं तर कोण बघंल?" जिजी समोरच्या शेतांकडे हात करायची. "हे काय, चार घरं हायेत ना." प्रकाश आमच्याकडे बघायचा. आम्ही चौघं, कोणाचे गुडघे धरलेले, कोणाची पाठ. त्याच्या नजरेत फारसा भरवसा दिसायचा नाही. मला तेव्हा त्याचा राग यायचा. आता येत नाही. आठवडाभर दुकानात उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी आईची काळजी करत एवढा रस्ता तुडवायचा, तोही दमलेलाच होता.

जिजीचे पेरू म्हणजे वीस गुंठ्यांतली साठेक झाडं, तिनं आणि नवऱ्यानं मिळून लावलेली. त्या झाडांना दरवर्षी दिवाळीनंतर ती ताण द्यायची. म्हणजे पाणी तोडायचं. दोन महिने झाडं तहानलेली ठेवायची, पानं पिवळी पडून गळेपर्यंत. मग जानेवारीत झाडांभोवती आळी करून, खत घालून, पहिलं पाणी द्यायचं आणि तेही हलकं. ते साधलं तर झाड फुलांनी भरतं. पाणी जास्त झालं तर झाड नुसती पानं काढतं आणि वर्ष वाया जातं. मी तिला विचारलं होतं, असं कशामुळे होतं? ती म्हणाली, "तहानेलं ठेवलं का झाडाला मराची भीती वाटती. मग ते लेकरं धरतं. पोटभर पाजलं का त्याला वाटतं, आता काय घाई हाय?" कृषी सहायकानं हेच मला नंतर अर्धा तास लावून समजावलं होतं.

गेल्या जानेवारीत, पहिल्या पाण्याच्या दिवशीच जिजी पडली. आमची विहीर सामाईक, पाच हिस्सेदार आणि मोटर एकच. सोमवार ते शुक्रवार एकेकाचा वार ठरलेला. सोमवार जिजीचा. तिनं मोटर चालू केली, पाट फोडून वरच्या दोन ओळींना पाणी लावलं आणि तिसऱ्या ओळीचं दारं, म्हणजे पाटाचं तोंड, फोडायला वळताना पाटात पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. यमुनानं आरडाओरडा ऐकला, दगूअण्णानं जीप बोलावली. जिजीला जीपमध्ये ठेवताना ती एवढंच म्हणाली, "मोटर बंद करा रे." मी धावत जाऊन मोटर बंद केली. बाग तशीच राहिली, दोन ओळी ओल्या आणि बाकी सगळी भेगाळलेली.

पुढची एक गोष्ट मला पाच महिन्यांनी प्रकाशनं सांगितली, पण इथंच सांगून टाकतो, म्हणजे त्या पाण्यावर काय अवलंबून होतं ते लक्षात येईल. ऑपरेशन झाल्यावर प्रकाश आईला म्हणाला, आता परत जायचं नाही. जिजी खूप रडली. तिला रडताना आमच्यातल्या कोणी पाहिलं नव्हतं. शेवटी तिनं त्याच्याकडून एक बहार मागून घेतला. या साली बाग फळली तर ती फाट्यावर बसेल, वॉकर घेऊन बसेल, आणि प्रकाश पुन्हा विषय काढणार नाही. बाग फळली नाही तर ती मुकाट्यानं नाशकात येईल. प्रकाशला वाटलं, आईची समजूत पटेल. जिजीला मात्र आपल्या झाडांची खात्री होती, आणि झाडांमागे आम्ही चौघं होतो.

माझा वार गुरुवार. त्या गुरुवारी मोटर चालू केली आणि माझ्या कांद्याला जाणारं पाणी तासाभरासाठी जिजीच्या बागेकडे वळवलं. मनात एकच होतं, की ताण तुटायची वेळ टळायला नको. जमीन ओलसर लागली. मला वाटलं, सोमवारचंच पाणी खाली झिरपत आलं असेल, काळी जमीन ओल धरून ठेवते. मी आळ्यांत पाणी सोडलं, दारं बुजवली, चिखल पायानं सारखा केला आणि कोणाला काही बोललो नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा दिलं. खरं सांगतो, त्या दोन आठवड्यांत मी स्वतःवर खूश होतो. आयुष्यात पहिल्यांदा शेतातलं काहीतरी मी कोणी न सांगता, वेळेवर केलं होतं.

दुकानावर आम्ही चौघं आळीपाळीनं बसायला लागलो आणि जिजी दिवसभर काय करत होती ते तेव्हा कळलं. ऊन तोंडावर येतं, ट्रकच्या वाऱ्यानं शेडनेट फडफडतं, धूळ दातांत बसते आणि दर गाडीला उठून उभं राहावं लागतं. माझी पाळी असली की माझ्या काकड्या आपोआप पुढं यायच्या. मी ठरवून करत नव्हतो, पण हात तसे जायचे. यमुनाची मेथी एक दिवस सुकून गेली. संध्याकाळी ती आली आणि सुकलेल्या जुड्या उचलून घेऊन गेली. घरी जाताना माझी मला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी मी मेथी पुढं मांडली, पण जिजीसारखं ते मनापासून कधी जमलं नाही.

जिजी परत आली ती होळीच्या आसपास, वॉकर घेऊन. प्रकाशनं रिक्षातून घरापाशी उतरवलं तर ती घरात न जाता बागेच्या बांधावर गेली. आम्ही चौघंही मागोमाग. बाग अशी हिरवीगार झाली होती की बघत राहावं, हातभर लांब कोवळे फुटवे, तळहाताएवढी पानं. "जिजी, काय झाडं झाली बघ," मी म्हणालो. मी अजून कंपनीच होतो, मला हिरवं म्हणजे चांगलं. बाकीचे तिघं गप्प होते. जिजी एका झाडापाशी थांबली, फांदी ओढून पाहिली, सोडली. दुसरी पाहिली. मग खाली वाकता येत नव्हतं तरी वॉकरला धरून ती आळ्यांकडे, पाटाकडे, बुजवलेल्या दारांकडे बराच वेळ बघत राहिली. एकाही झाडावर फूल नव्हतं.

"थंडी लांबली औंदा," ती म्हणाली. "बहार चुकला."

दगूअण्णा लगेच म्हणाला, "हा, थंडी लांबलीच." मास्तरही म्हणाले, थंडी फार होती. यमुनानं डोळ्याला पदर लावला, मला वाटलं ते जिजीच्या पायाकडे बघून. मीही मान डोलावली. घरी जाऊन आठवलं. माझा हात पाण्याला जड, हे जिजीनंच मला शंभरदा सुनावलेलं. हलकं पाणी म्हणून मी तासभर मोटर चालवली होती, ती पण दोनदा. जिजीचा बहार मी बुडवला, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं आणि सांगायची हिंमत झाली नाही.

एप्रिल-मे तिनं काढले. सकाळी बाजेवर येऊन बसायची, आमचा माल विकायची. स्वतःचं विकायला काहीच नव्हतं. जे कोणी थांबून पेरू विचारायचं त्याला ती सांगायची, "औंदा नाय." दुपारी बसल्या बसल्या तिची मान खाली जायची आणि एखादी गाडी हॉर्न वाजवून निघून जायची. मी जवळून गेलो की "काय कंपनी" म्हणायची, पण पुढं काही नाही. आम्हाला वाटायचं, पाय दुखतो म्हणून असेल.

जूनमध्ये प्रकाश टेम्पो घेऊन आला. दोन पेट्या, गोधड्यांचं एक गाठोडं आणि देव. शेळ्या यमुनाकडे गेल्या. जिजीनं जाताना प्रत्येकाच्या पाटीवरून हात फिरवला, जशी ती रोज माल बघायची तशी, आणि टेम्पोत पुढं बसली. कुलूप लावताना प्रकाशनं मला आईला दिलेल्या त्या शब्दाबद्दल सांगितलं. "मला वाटलं होतं काका, ती ऐकणार नाही. पण बहार आला नाही तर एक अक्षर बोलली नाही. स्वतःच म्हणाली, कधी न्यायला येतो." बाग त्यानं आम्हा चौघांवर सोपवली. झाडं वाळू देऊ नका, एवढंच म्हणाला. मी हो म्हणालो.

जिजी गेल्यावर बाजेवर बसायला कोणी उरलं नाही. चार दिवस आम्ही पाळ्या लावल्या, मग कोणाची कामं निघाली, कोणाचं अंग दुखलं. आता मी माझ्या काकड्या मोटरसायकलला क्रेट बांधून दिंडोरीला नेतो. यमुना मेथी व्यापाऱ्याला शेतातच देऊन टाकते. बांबू अजून उभे आहेत, बाज मास्तरांनी घरी नेली. फाट्यावरून जाताना चौघांचीही गाठ पडते. करंट कधी येणार, मजूर मिळतात का, एवढं बोलून आम्ही वाटेला लागतो. कोणाच्या बांधावरचं गवत कोणी कापत नाही. माझं असं का झालं ते मला कळत होतं, पण बाकीच्यांचंही तसंच का झालं ते मला कळत नव्हतं.

दिवाळी झाली, बागेला आम्ही ताण दिला. झाडांची पानं पिवळी पडायला लागली आणि मला झोप येईना. शेवटी एका दुपारी मेथीची एक जुडी आणि चार काकड्या पिशवीत घातल्या आणि एसटीनं नाशिकला गेलो. प्रकाशचं घर तिसऱ्या मजल्यावर. तो आणि त्याची बायको कामाला गेलेली. जिजीनं वॉकर सरकवत दार उघडलं. "काय कंपनी, आज सुट्टी?" ती वाळली होती. गॅलरीत एक प्लास्टिकची खुर्ची होती, तिथं ती बसली आणि मी उंबऱ्यावर. समोर दुसऱ्या इमारतीच्या खिडक्या दिसत होत्या. मी पाणी प्यायलो आणि एका दमात सांगून टाकलं. गुरुवारचं, पुढच्या गुरुवारचं, तासभर मोटर चालवल्याचं, सगळं.

"मला म्हाईत हाय," जिजी म्हणाली.

"कसं?"

"दारं बुजवलेलं दिसलं ना. तू चिखल पायानं चेपतो, टाचेनं. तुझ्या टाचा सगळ्या आळ्यांशी व्हत्या. दगू फावड्याचा पालथा टोला देतो, तेबी व्हते. मास्तर दगड लावतात. यमुना गवताची पेंडी कोंबती."

मला समजायला वेळ लागला. मंगळवार दगूअण्णाचा, बुधवार यमुनाचा, गुरुवार माझा, शुक्रवार मास्तरांचा. चौघांनी आपापल्या वाराचं पाणी दिलं होतं. दगूअण्णामागच्या तिघांनी ओल पाहिली होती आणि तिघांनाही ती सोमवारचीच वाटली होती. दोन आठवडे, आठ पाणी. आणि एकानंही दुसऱ्याला सांगितलं नव्हतं.

"एकट्याच्या पाण्यानं एवढं व्हत नाय, कंपनी," ती म्हणाली. "तू कशाला एकटा जळत बसला? दगू येऊन गेला श्रावणात. यमुना आली, रडून गेली. मास्तर मागल्या म्हयन्यात आले. जो येतो तो म्हणतो, म्या बुडवलं."

"मग आम्हाला तेव्हाच का नाही बोललीस? निदान प्रकाशला सांगायचंस. झाडांचा दोष नव्हता, थंडीचा नव्हता. त्यानं आणखी एक साल दिलं असतं तुला."

जिजीनं पिशवीतली मेथी काढली, मांडीवर ठेवली आणि निवडायला लागली. "दिलं असतं," ती म्हणाली. "पण त्याला काय सांगू? दर ऐतवारी मी त्याला सांगायची, मला चार घरं हायेत, तू घोर करू नको. आन् त्याच चार घरांनी बाग बुडवली म्हणू? तो म्हणला असता, हेच का तुझे शेजारी? तुम्हाला नावं ठेवली असती त्यानं. त्यापरीस थंडी बरी. थंडीला कोणी काय म्हणत नाय."

आम्ही चौघांनी मिळून तिला फाट्यावरून उठवलं आणि तिनं जाताना आमचं नाव तेवढं राखलं. एवढं मला कारखान्यानं कधी दमवलं नव्हतं जेवढं त्या उंबऱ्यावर बसून दमायला झालं.

"ताण दिला का?" तिनं विचारलं.

"दिला. पुढच्या महिन्यात तुटेल."

"पाणी कोण देणार ते आधी तोंडानं बोलून घ्या. चौघं बसा आन् बोला. म्या शिकवलं ते चुकीचं शिकवलं. सगळंच मुकं ऱ्हाऊन भागत नाय." मग म्हणाली, "आन् पाणी तू नको देऊ. तुझा हात जड हाय."

मी हसायला हवं होतं. घड्याळ पाहिलं, पाचची एसटी गाठायची होती. उठलो आणि न विचारण्यासारखं विचारून बसलो. "जिजी, बहार आला असता तर तू खरंच राहिली असतीस? या पायानं?"

"ऱ्हायले असते," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले. ते मला लपवता येईनात. जिजीनं निवडलेली मेथी एका बाजूला केली, देठं दुसऱ्या बाजूला केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"चल, नीघ आता," ती म्हणाली. "प्रकाश यायच्या आत जिना उतर. तुझं तोंड पाहिलं का त्याला समदं कळंल."